जोड काट्यांची बोट

१९७० आणि ८०च्या दशकांतली अमेरिकन स्की-बोट पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर डॅशबोर्डवर अडखळते. चालकाच्या समोर एकाच घडणीच्या दोन मोठ्या तबकड्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. दोन्हींवर वेगाचेच आकडे, आणि बोट सुटली की दोन्हींचे काटे जोडीनं वर चढतात. मोटारीला एक स्पीडोमीटर पुरतो, मालट्रकलाही पुरतो. मग सहा मीटरच्या आसपास लांबीच्या या बोटीला दोन कशाला लागावेत?

याचं अर्धं उत्तर पाण्यावरच्या एका खेळाच्या नियमात सापडतं. उरलेलं अर्धं बोटीच्या तळापासून डॅशबोर्डपर्यंत आलेल्या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या एका नळीत आहे.

खेळाच्या सुरुवातीला वेग मोजण्याची गरजच कुणाला वाटली नव्हती. मिनेसोटा राज्यातलं लेक सिटी हे गाव पेपिन सरोवराच्या काठी आहे. सरोवर म्हणायचं, पण ती मिसिसिपी नदीच, त्या ठिकाणी ऐसपैस पसरलेली. १९२२च्या उन्हाळ्यात तिथल्या राल्फ सॅम्युएलसन या १८ वर्षांच्या मुलानं ठरवलं की बर्फावर घसरता येतं तर पाण्यावरही यायला हवं. त्यानं आधी पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्हींनी त्याला बुडवलं. शेवटी ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या घेऊन त्यांची टोकं त्यानं उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वर वाकवली. बोट भाऊ बेन हाकत होता. बरेच दिवस पडून, पाणी पिऊन झाल्यावर २ जुलैला त्याला मर्म सापडलं: फळ्यांची टोकं पाण्याबाहेर धरायची आणि अंग मागे रेलून ठेवायचं. त्या दिवशी बोटीचा वेग किती होता हे महत्त्वाचं नव्हतं. माणूस पाण्यावर उभा राहिला हीच मोठी गोष्ट होती.

सॅम्युएलसननं पेटंट घेतलं नाही. ते १९२५ मध्ये फ्रेड वॉलर यानं घेतलं, ज्यानं पुढे सिनेरामाचा अतिरुंद पडदा आणला. पेपिनवरच्या त्या मुलाचा मान अमेरिकन वॉटर स्की असोसिएशननं मान्य करायला १९६६ साल उजाडलं.

मधल्या काळात करमणुकीचा खेळ झाला आणि खेळाला नियम आले. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर झाली, तर पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधल्या जुआँ-ले-पाँ इथे. १९५०ची जागतिक स्पर्धा फ्लॉरिडातल्या सायप्रेस गार्डन्सकडे आली आणि तिथल्या रोजच्या खेळांनी वॉटर स्कीइंग घराघरांत पोचवलं. स्लालम हा त्यातला सर्वांत काटेकोर प्रकार. २५९ मीटरच्या मार्गाच्या मधून बोट सरळ रेषेत जाते. मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर, कधी डावीकडे कधी उजवीकडे, असे सहा बोये तरंगत असतात, आणि दोराला धरलेल्या खेळाडूनं त्या प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. जमलं की दोर आखूड करतात. १८.२५ मीटरपासून उतरत तो १०.७५ मीटरवर येतो, तेव्हा दोराची लांबी बोयाच्या अंतरापेक्षाही कमी झालेली असते. उरलेलं अंतर खेळाडूनं स्वतःच्या ताणलेल्या अंगानं भरून काढायचं.

इथे बोटीचा वेग हा नियम होऊन बसतो. पुरुषांच्या खुल्या गटात तो कमाल ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे अमेरिकन तबकडीवर ३६ मैल. स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर. ५८च्या वेगानं २५९ मीटर कापायला १६.०८ सेकंद लागतात आणि ५५च्या वेगानं १६.९५. चालकाच्या हातून ताशी एका मैलाची चूक झाली तर वेळेत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. तेवढ्यात खेळाडूच्या वाट्याला वेगळंच पाणी येतं, वेगळीच ओढ येते. त्यात भर म्हणजे प्रत्येक बोयाला वळताना खेळाडू बोटीला मागे खेचतो. चालकाचा एक हात चाकावर, दुसरा थ्रॉटलवर आणि डोळा काट्यावर. बोटीत बसलेल्या पंचाचाही. त्या काट्यावर एखाद्या विक्रमाचं खरेपण टांगलेलं असे, हे ध्यानात घेतलं म्हणजे डॅशबोर्डच्या दुरुस्तीला या खेळात एवढं महत्त्व का, ते उमगतं.

या कामासाठी खास बोटी घडल्या. फ्लॉरिडातल्या पाइन कॅसलमध्ये वॉल्टर मलून यानं १९२५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचं नाव पुढे करेक्ट क्राफ्ट झालं. लिओ बेंट्झनं आखलेली 'स्की नॉटीक' ही फायबरग्लासची बोट १९६१ मध्ये या कारखान्याकडे आली. १९६८ मध्ये टेनेसीतल्या एका तबेल्यात रॉब शर्ली यानं पहिली मास्टरक्राफ्ट घडवली. बसका सपाट तळ, इंजिन बोटीच्या मध्यावर, त्याच्यापुढे दोर अडकवायचा खांब, आणि मागे लाट शक्य तितकी लहान, अशी ही जात. त्यांपैकी अनेकींच्या पोटात फोर्डचं ३५१ घन इंचांचं व्ही-८ इंजिन असे. डॅशबोर्डवर मात्र दोन वेगळी शास्त्रं शेजारी नांदत होती. वेगाचे दोन काटे चालत पाण्याच्या दाबावर, आणि बाकीचे सगळे विजेवर.

पाण्याच्या दाबाचं शास्त्र दोन्हींत वडीलधारं. १७३२ मध्ये आँरी पितो हा फ्रेंच अभियंता पॅरिसच्या सीन नदीत एक काटकोनात वाकवलेली काचेची नळी घेऊन उतरला. नळीचं खालचं तोंड प्रवाहाला सामोरं धरलं की उभ्या भागात पाणी चढतं, आणि प्रवाह जितका जोराचा तितकं जास्त चढतं. नदीचं पाणी खोल जावं तसं अधिक वेगानं वाहतं, अशी त्या वेळची समजूत या साध्या नळीनं खोटी पाडली. बोटीच्या तळाशी बसवलेली पितो नळी ही त्याच नळीची नात. फरक एवढाच की इथे पाणी थांबलेलं असतं आणि नळी धावते.

नळीतला दाब काट्यापर्यंत पोचवला तो दुसऱ्या एका फ्रेंच माणसानं. यूजेन बूर्दाँ यानं १८४९ मध्ये दाबमापकाचं पेटंट घेतलं. चपटी केलेली धातूची नळी कमानीसारखी वाकवायची, तिचं एक टोक बंद करायचं आणि दुसऱ्या टोकातून दाब आत सोडायचा. दाब वाढला की ती उलगडू लागते. जत्रेत मिळणारी, फुंकली की सरळ होणारी कागदी पिपाणी ज्यांनी वाजवली आहे, त्यांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही. पिपाणीच्या टोकाला बारीक दाते आणि काटा जोडला की दाबमापक झाला. रेल्वेच्या इंजिनापासून दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यापर्यंत हीच पिपाणी आजही काम करते.

यातली एक मेख मात्र न समजल्यानं कित्येक चांगले स्पीडोमीटर फुकट उघडले गेले असतील. दाब वेगाच्या पटीत वाढत नाही, वेगाच्या वर्गात वाढतो. ताशी ५८ किलोमीटरला पितो नळीत वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सव्वापट दाब येतो. वेग निम्मा केला की तो चौथा हिस्सा उरतो, आणि १५ किलोमीटरला तर पंधरापट कमी. म्हणून तबकडीवर खालचे आकडे चिंचोळ्या जागेत दाटीनं बसलेले दिसतात आणि धक्क्याजवळ हळू चालताना काटा मेल्यासारखा पडून राहतो. तो बिघाड नव्हे. त्या वेगाला पिपाणी फुगवण्याएवढं पाणी बळ लावतच नाही.

खरा बिघाड असतो तो बहुतेक वेळा नळीच्या तोंडाशी. भोक काडी जाईल एवढंच. त्यात शेवाळ, वाळूचा कण, शिंपल्याचा चुरा अडकतो. काही ठिकाणी बोट शेडमध्ये उभी असताना मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी ते बुजवून टाकते. मग काटा शून्यावर बसून राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आळसावतो: उशिरा चढतो, उशिरा उतरतो, आणि मधल्या वेळात बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो. हाच बिघाड विमानांना फार महाग पडला आहे. १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बर्जेनएअरचं विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. एक पितो नळी बंद झाली होती आणि संशय कुंभारणीच्या घरट्यावर होता. चुकीच्या वेगानं गोंधळलेल्या वैमानिकांच्या हातून पुढची चूक झाली. बोटीत एवढं संकट नसतं, पण कारण तेच.

यावरची दुरुस्ती जुन्या जाणत्यांनी एका क्रमात बसवून दिली आहे. आधी तबकडीच्या मागची नळी सोडवायची. हे पहिलं पाऊल विसरलं तर पुढचं सगळं महागात पडतं, कारण नळी जोडलेली ठेवून हवेचा झोत सोडला की आतली नाजूक पिपाणी कायमची वाकते. नळी सोडवली की डॅशबोर्डच्या बाजूनं पितोकडे हवा मारायची, म्हणजे अडकलेला कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. बारीक तार भोकात फिरवायची. मग अख्खी नळी बोटांनी चाचपत जायचं. जुनं प्लॅस्टिक टोकाशी ताठ होतं, केसाएवढी भेग पडते, आणि त्या भेगेतून दाब गळतो. भेगेचं टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवली की निम्म्या बोटींचं काम तिथेच संपतं.

आता जोडीचं कोडं सुटतं. दोन पितो, दोन नळ्या, दोन तबकड्या: एक बुजली तर स्पर्धा अडत नाही, आणि दोन काट्यांत फारकत पडली तर चालकाला लगेच कळतं की काहीतरी बिनसलं आहे. मात्र कोणता काटा खरा हे दोघे मिळूनही सांगू शकत नाहीत. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागे, तो म्हणजे हातातलं स्टॉपवॉच. बोट २५९ मीटरच्या मार्गावरून न्यायची, वेळ घ्यायची, १६.०८शी ताडून पाहायची, आणि स्पीडोमीटरचा बारीक स्क्रू फिरवून काटा जुळवायचा. उलट दिशेनं पुन्हा एकदा, कारण नदीत प्रवाह असतो आणि तळ्यातही वारा. ही जुळवणी हा एका पिढीच्या चालकांचा नित्यनेम होता. शिकागोच्या एअरगाइडच्या तबकड्या या बोटींवर इतक्या दिसत की स्पीडोमीटर म्हटलं की अनेकांना तीच आठवे.

विजेच्या काट्यांची गोष्ट वेगळी, आणि फसवी जास्त.

पेट्रोल, तेलाचा दाब, इंजिनाचं तापमान या तिन्हींच्या मागे एकच कल्पना आहे. दूर कुठेतरी एक सेंडर बसलेला असतो, ज्याचा विद्युतरोध परिस्थितीप्रमाणे बदलतो. तबकडीत आडव्या-उभ्या गुंडाळलेल्या तारांच्या मधोमध एक लहानसा चुंबक काट्याला जोडलेला असतो. सेंडरमधून किती वीज जाते त्यावर चुंबक वळतो. अमेरिकन रिवाजात पेट्रोलची टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध २४० ओहम आणि भरलेली असताना सुमारे ३३. तेलाच्या दाबालाही हेच दोन आकडे. युरोपात रिवाज उलटा, १० पासून १८०पर्यंत. त्यामुळे अमेरिकन तबकडीला युरोपियन सेंडर जोडला की काटा रिकाम्या टाकीला भरलेली म्हणतो. दोन्ही वस्तू नव्याकोऱ्या, दोन्ही निर्दोष, आणि बोट तळ्याच्या मध्यावर पेट्रोल संपून उभी.

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीतही टाकीत तरंगणारा गोळा आणि बदलता रोध हीच योजना होती. पण पद्मिनीचं अंग लोखंडी. वीज तारेतून जायची आणि परतीची वाट गाडीच्या पत्र्यातूनच सापडायची. म्हणून मुंबईचा मिस्त्री 'बॉडीला अर्थ दे' एवढंच सांगून मोकळा होई. फायबरग्लासच्या बोटीला अशी बॉडीच नाही. फायबरग्लासमधून वीज जात नाही, तेव्हा प्रत्येक तबकडीला परतीची स्वतःची तार हवी आणि प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या सेंडरलाही. जुन्या स्की-बोटीचे निम्मे आजार या परतीच्या वाटेवर असतात. दिवे लावले की पेट्रोलचा काटा हलतो, पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा ब्लोअर सुरू केला की तापमान एकदम वाढतं: अशी लक्षणं दिसली की समजावं, परतीची काळी तार कुठेतरी सुटली आहे किंवा तिच्या टोकाला हिरवी काट चढली आहे, आणि वीज भलत्याच तबकडीतून घराची वाट शोधते आहे.

सगळे काटे एकदम चुकले तर सगळ्या तबकड्या एका दिवशी मेल्या, असा तर्क करणं वेडेपणाचं. त्यांच्यात समाईक काय आहे ते पाहायचं: येणारी जांभळी तार, जाणारी काळी, आणि इंजिनाजवळचा तो जाड गोल प्लग ज्यात सगळ्या तारा एकत्र येतात. ओल, उष्णता आणि थरथर यांत वर्षानुवर्षं राहून या प्लगच्या पिना काळवंडतात. बॅटरीला बारा व्होल्ट दिसतात आणि डॅशबोर्डला दहा पोचतात. प्लग ओढून, पिना घासून, पुन्हा लावला की कित्येक बोटी बऱ्या होतात. तारांचे रंगही एकदा बसले की टिकले: जांभळी चावीतून येणारी, करडी टॅकोमीटरची, खाकी तापमानाची, फिकट निळी तेलाची, गुलाबी पेट्रोलची. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलनं हे रंग आपल्या नियमांत घेतले, आणि त्यामुळे फ्लॉरिडात घडलेली बोट मिनेसोटातल्या माणसाला नकाशाशिवाय वाचता येते. ज्यानं ही शिस्त घालून दिली त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

एकच काटा चुकत असेल तर पुढची परीक्षा दोन क्षणांची आहे. सेंडरवरची तार काढायची. तापमानाचा काटा थंडाकडे, तेलाचा शून्याकडे, पेट्रोलचा रिकाम्याकडे पडला पाहिजे. मग तीच तार क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवायची. काटा दुसऱ्या टोकाला धावला पाहिजे. धावला तर तबकडी आणि तार दोन्ही धडधाकट, दोष सेंडरचा. नाही धावला तर उलट तबकडीकडे चालत यायचं. पेट्रोलच्या टाकीजवळ मात्र ठिणगी होईल असं काही करायचं नाही. आधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवून साठलेली वाफ बाहेर काढायची आणि ही परीक्षा डॅशबोर्डच्या टोकाला घ्यायची. एक दोष तर दुरुस्त करणाराच निर्माण करतो. इंजिनावर नवा सेंडर बसवताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी हौसेनं जाड गुंडाळली जाते. सेंडरला परतीची वाट त्या आट्यांतूनच मिळत असते. पट्टीनं ती बंद होते आणि नवा कोरा सेंडर मुका राहतो.

टॅकोमीटर इंजिनाच्या ठिणग्या मोजतो. आठ सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्याला चार ठिणग्या. एकच तबकडी चार, सहा आणि आठ सिलिंडरना चालावी म्हणून तिच्या पाठीवर एक छोटी कळ असते, आणि तीस वर्षं न हललेल्या त्या कळीच्या आत गंज धरतो. स्क्रूड्रायव्हरनं ती चार-पाच वेळा मागेपुढे फिरवून पुन्हा आठवर आणली की मेलेला टॅकोमीटर उठून बसतो. दुरुस्तीच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत कमी खर्चाची. याउलट आणखी जुन्या बोटींत व्होल्टमीटरऐवजी अँमीटर सापडतो. त्यात बॅटरीला जाणारी सगळी वीज डॅशबोर्डमधून फिरून जाते, आणि एक सैल नट लाकडी पाटीला जाळू शकतो. इथे जुनं तेच राखण्याचा हट्ट सोडावा.

या साऱ्या तपासाला लागणारं हत्यारही इतिहासातून आलं आहे. १९२३ मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिसातले अभियंता डोनाल्ड मॅकडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा एव्होमीटर बाजारात आणला. वेगवेगळी तीन यंत्रं वागवण्याचा त्यांना कंटाळा आला होता. आजचा खिशातला मल्टिमीटर त्याच घराण्यातला.

तरी एका बाबतीत सगळी कारागिरी थांबवून आधी काट्याचंच ऐकायचं. तेलाचा काटा शून्यावर पडला किंवा तापमान चढलं तर इंजिन लगेच बंद, तपास नंतर. तळ्याचं पाणी ओढणारा रबरी पंखा फाटला तर इंजिनातलं पाणीच संपतं, आणि कोरडा पडलेला तापमानाचा सेंडर खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगू शकतो. थंड दिसणारा काटा आणि करपल्याचा वास एकत्र आले तर वासावर विश्वास ठेवलेला बरा.

१९९०च्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून परफेक्ट पास नावाची यंत्रणा आली. तिनं थ्रॉटल स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि बोयांशी लोंबकळणाऱ्या चुंबकांवरून वेळ घेतली. पुढच्या दशकात उपग्रहावरून वेग कळू लागला आणि स्पर्धेच्या बोटीतून पितो नळीचं काम गेलं. नव्या डॅशबोर्डवर आता पडदे असतात. तिथे जोडीनं चढणारे काटे नाहीत.

पण जुन्या बोटी गेल्या नाहीत. फायबरग्लास सडत नाही, व्ही-८ पुन्हा बांधता येतं, आणि त्या सपाट तळामागे पडणारी लहान लाट अजूनही खेळाडूंना हवी असते. त्या सांभाळणारे लोक पिवळ्या पडलेल्या तबकड्या उघडून धुतात, आकडे पुन्हा छापून घेतात, गुलाबी-खाकी तारांना नवी टोकं लावतात. उपग्रहाचं यंत्र बसवलं तरी अनेकजण ते पाटीखाली दडवतात आणि वरच्या दोन तबकड्या जागच्या जागी ठेवतात. मिनेसोटात वसंतात तळी मोकळी झाली की बोट पाण्यात सोडण्याआधी कुणीतरी डॅशबोर्डखाली उताणं पडून दोन्ही नळ्या सोडवतो, एकेकीतून हवा मारतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाला विचारतो, आली का. तळाच्या भोकापाशी हात धरून बसलेल्या मुलाच्या तळव्यावर आधी गेल्या मोसमाचं हिरवट पाणी पडतं, मग मातीचा एक खडा, आणि त्यामागून वारा येतो.